‘खात्रीच नाही, तर तक्रार कशी करू?’

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळा-वसतिगृहांतली माणसं मुलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीबद्दल समुपदेशनाला आली की एक वाक्य हटकून कानावर येतं: “पोरीनं सांगितलंय खरं, पण खोटं निघालं तर एका माणसाचं वाटोळं माझ्या हातून झालं ना?” खालचा प्रसंग अशा काहींचा मिळून एक केला आहे. ओळखीच्या खुणा सगळ्या बदलल्या आहेत.

वसतिगृहातल्या एक बाई. झोप उडालेली, पिशवीत दोनशे पानी वही. आठवीतल्या मुलीनं एका कर्मचाऱ्याबद्दल सांगितल्याला नऊ दिवस झाले होते.

“नऊ दिवस काय चाललंय?”

“खात्री करून घ्यायलोय मॅडम. मी विचारलं, हेडसरांनी विचारलं, सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावून विचारलं. आता पोरगी म्हणतीय, काही झालंच नाही.”

“पहिल्या दिवशी ती कोणत्या शब्दांत बोलली?”

त्यांनी वही उघडली. पहिल्याच पानावर ‘गैरवर्तन’, ‘आक्षेपार्ह’. बराच वेळ त्या पानाकडं बघत बसल्या. “असं नव्हती म्हणाली ती. ‘बाई, सरांच्या खोलीकडं वही घेऊन मला पाठवू नका’ एवढंच म्हणाली होती.” आणि रडू लागल्या.

नऊ दिवसांत मुलीचं वाक्य हरवलं होतं आणि मोठ्यांचे शब्द वहीत शिरले होते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की मुलाला वाटतं, आपलं आधीचं उत्तर चुकलं. मग ते उत्तर बदलतं. त्या बदललेल्या उत्तरालाच संस्था ‘खोटं निघालं’ म्हणते.

बाईंना मी एक वाक्य लिहायला सांगितलं: ‘तक्रार करण्याआधी मला खात्री असलीच पाहिजे.’ मग त्यातला ‘च’ खोडायला लावला. ‘असंच झालं पाहिजे’ हा हट्ट सोडायला शिकवणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे तो अशा क्षणांमुळे. एवढासा ‘च’ गेला आणि बाई म्हणाल्या, “म्हणजे खात्री करणं माझं काम नव्हतंच?” नव्हतं. ऐकलं ते जसंच्या तसं पुढं देणं, एवढंच त्यांचं काम.

कायदाही पुराव्यानिशी या म्हणत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा. त्याच्या कलम 19 प्रमाणे असा गुन्हा होईल अशी भीती वाटली किंवा झाल्याचं कळलं तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. समुपदेशकही त्यातून सुटत नाही, म्हणून गुप्ततेची ही मर्यादा पहिल्या भेटीतच सांगावी लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेनं कळवणाऱ्याला मात्र कलम 19 मध्येच संरक्षण आहे. तक्रार त्याच दुपारी गेली. पुढच्या भेटी अपराधीपणावर आणि संस्थेच्या चौकशीवर झाल्या.

पोलीस तपास गुन्ह्याचा असतो. हा माणूस मुलांजवळ कामावर राहू शकतो का आणि देखरेख कुठं ढिली पडली, हे संस्थेला वेगळं शोधावं लागतं. कुणाला कधी विचारायचं हे आधी पोलिसांशी बोलून ठरवावं, नाहीतर तपासात लुडबुड होते. संबंधित माणसाला लगेच मुलांपासून दूर करावं आणि ही शिक्षा नाही हे पत्रातच लिहावं. हजेरी, ड्युटीचा तक्ता, पाहुण्यांची नोंदवही त्याच दिवशी कुलपात. सीसीटीव्हीचं चित्रण तर पहिल्यांदा काढून ठेवावं. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं, आणि ‘चौकशी समिती नेमू’ म्हणेपर्यंत हवे ते दिवस गेलेले असतात.

चौकशी करणारा बाहेरचाच हवा. आपल्याकडं संस्थेचे संचालक, गावचे पंच आणि आरोप झालेल्याचे पाहुणे ही बऱ्याचदा तीच चार माणसं असतात. काय तपासायचं, किती दिवसांत, अहवाल कुणाकडं, हे चौकशी करणाऱ्याला लेखी द्यावं. तपासणारा आणि निर्णय घेणारा एक नको. मुलीचा जबाब झाला असेल तर तिला पुन्हा बसवू नये. आरोप झालेल्याला आरोप लेखी मिळावा, उत्तराला वेळ मिळावा. तो निर्दोष असेल तर त्याला यातूनच सुटका आहे. कुजबुजीतून कुणी कधी निर्दोष सुटत नाही. अहवालात ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘खोटं ठरलं’ हे दोन वेगळे निष्कर्ष राहू द्यावेत. मुलाच्या तक्रारीवर खोटेपणाची शिक्षा नाही, हेही कायद्यातच आहे.

भाषेचा घोळ इथला खास. पोरगी मराठीत बोलते, नोंद कन्नडमध्ये होते. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषी मिळण्याची तरतूद कलम 19 मध्येच आहे. ती मागून घ्यावी. जबाब मुलीच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या जागी, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यायचा असतो, विश्वासातलं माणूस जवळ ठेवून.

शेवटच्या भेटीला बाई चौकशी अधिकाऱ्यांना द्यायचं एक पान घेऊन आल्या. तारीख, वेळ, जागा, मुलीचं ते एक वाक्य, आणि खाली प्रामाणिकपणे: ‘त्यानंतर तिला तिघांनी विचारलं, त्यात मी होते.’ दोन ठिकाणी खाडाखोड होती. “नवं लिहून काढू?” त्यांनी विचारलं. नको म्हटलं. खोडलेलं वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख.