माजी सैनिकाच्या मृत्यूची नोंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पुण्याच्या लष्करी रुग्णालयात ते वारले. गावचे ग्रामसेवक मृत्यूची नोंद करायला तयार नाहीत. काय करावं?

उत्तर : ग्रामसेवकांचं बरोबर आहे. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे झाला, तिथेच नोंद होते. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालयानेच 21 दिवसांच्या आत कळवायचा असतो. रुग्णालय कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत असेल तर दाखला कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे मागा आणि जास्तीच्या प्रती तेव्हाच घ्या.

प्रश्न : दाखल्यावर वडिलांचं नाव ‘दत्तू’ लागलंय, डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळालेल्या नोंदपुस्तकात) ‘दत्तात्रय’ आहे. आईची पेन्शन अडली आहे. प्रतिज्ञापत्र चालेल का?

उत्तर : कधी चालतं, पण त्यावर विसंबू नका, पुढच्या प्रत्येक कामात तोच प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या कलम 15 खाली निबंधकाला नोंद दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख घालतात. अर्जाला डिस्चार्ज बुक आणि पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत जोडा.

त्याआधी पीपीओवर आईचं नाव कसं आहे ते बघा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, हे मी फार घरांत पाहतो, आणि खरी अडचण बहुतेक वेळा तीच असते. ती दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातच होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांनी कृपा करून हे कागद याच आठवड्यात काढून बघावेत. सैनिकाने स्वतः सही केलेला अर्ज आणि विधवेची धावपळ यांत फार अंतर आहे.

प्रश्न : ग्रामपंचायतीकडून मृत्यूची खबर सैनिक कल्याण कार्यालयाला आपोआप जाते का?

उत्तर : तसं गृहीत धरू नका. दाखला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि आईच्या नावाचं ओळखपत्र काढून घ्या. राज्यात 2020 पासून सैनिकांच्या विधवांनाही घरपट्टी माफ आहे. तिथलं प्रमाणपत्र त्यासाठीही लागतं.

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेले, परत आलेच नाहीत. तहसिलीतल्या कोतवाल बुकात त्यांची नोंद सापडत नाही.

उत्तर : कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, गावात झालेल्या जन्म-मृत्यूंचं. परमुलखात पडलेला शिपाई त्यात कुठून येणार? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिची यादी इंटरनेटवर मोफत शोधता येते. पहिल्या महायुद्धासाठी त्या यादीत 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळातले मृत्यू आहेत, आणि मेसोपोटेमियातल्या अनेकांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. नाव कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं, म्हणून चार-पाच स्पेलिंगं लावून पाहा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. त्यावरून खात्री पटते.

आपल्याकडच्या कित्येक गावांत 1914–1919च्या लढाईचा दगड आहे. त्यावर किती गेले आणि किती मेले एवढाच आकडा असतो. पणजोबांची नोंद मिळाली तर तिची प्रत अर्जासोबत ग्रामसभेत ठेवा आणि त्यांचं नाव त्या दगडाशेजारी लावायचा ठराव मागा.