वाचकांचे प्रश्न : आरोग्य माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज

आरोग्य माहितीशास्त्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातले हेल्थ इन्फर्मॅटिक्स, या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करू इच्छिणाऱ्या चार वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे वगळली आहेत. मी हा विषय शिकवते आणि प्रवेश समितीवर बसून अर्जही वाचत आले आहे. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याचे लक्ष कुठे थांबते आणि कुठून निसटते, एवढे मला खात्रीने सांगता येईल.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात नऊ वर्षे परिचारिका म्हणून काम करते. आरोग्य माहितीशास्त्रात एम. एस. करण्याचा विचार आहे. उद्देशपत्राचा (स्टेटमेंट ऑफ पर्पजचा) मसुदा सोबत जोडला आहे. तो वाचून मत कळवावे. मला प्रोग्रॅमिंग अजिबात येत नाही. अशा स्थितीत अर्ज करणे योग्य ठरेल का?

उत्तर : अर्ज अवश्य करा. मसुदा मात्र पुन्हा लिहावा लागेल, आणि त्याची सुरुवात कुठून करायची हे तुम्हीच त्यात लिहून ठेवले आहे. पहिले दोन परिच्छेद तंत्रज्ञानाने आरोग्यसेवेत घडवलेल्या बदलांविषयी आणि संगणकाच्या तुमच्या आवडीविषयी आहेत. त्यांतले एकही विधान चुकीचे नाही, पण समितीसमोर येणाऱ्या किती तरी अर्जांची सुरुवात अशीच असते आणि वाचणाऱ्याला त्यात अर्जदार दिसत नाही. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, रात्रपाळीत पोटॅशियमचा धोक्याच्या पातळीवरचा आकडा प्रयोगशाळेतून फोनवर कळतो, तो हाताशी असेल त्या कपट्यावर टिपला जातो, उपचारही होतात, आणि सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोरच्या पडद्यावर मात्र आदल्या संध्याकाळचाच आकडा असतो. या वाक्याशी मी थांबले. पत्र इथून सुरू व्हायला हवे.

याचे कारण असे की, या एका प्रसंगात आमच्या विषयाचे निदान तीन प्रश्न दडलेले आहेत. नमुना घेतल्याची वेळ, तपासणी पूर्ण झाल्याची वेळ, निकाल प्रणालीत उतरल्याची वेळ आणि तो कोणीतरी पाहिल्याची वेळ या चार निरनिराळ्या वेळा आहेत. त्यांतली कोणती वेळ पडद्यावर दिसते आणि कोणती दिसायला हवी, हा पहिला प्रश्न. फोनवर सांगितलेला निकाल ऐकणाऱ्याला नीट पोहोचला याची नोंद कुठे होते, हा दुसरा. आणि प्रणाली हाताशी असताना इतकी अनुभवी माणसे कागदाच्या कपट्याकडे का वळतात, हा तिसरा, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो. 2005 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णालयातील संगणकीय औषध-आदेश प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या प्रणालीमुळे औषधांच्या चुकांना वाव मिळण्याचे 22 प्रकार त्यांनी नोंदवले होते. औषधसाठ्यात कोणत्या मात्रेची गोळी आहे हे दाखवणारा आकडा हीच नेहमीची मात्रा समजून वाचला जाणे, हा त्यांतलाच एक. असे प्रकार उघडकीस आले ते प्रणाली वापरणाऱ्यांना विचारून आणि त्यांच्या शेजारी उभे राहून काम पाहून. तुम्ही तिथे नऊ वर्षे उभ्या आहात, हे तुमचे भांडवल आहे आणि ते संकोच न करता मांडावे.

पत्राचा पुढचा भाग या प्रसंगातूनच निघावा: असा गोंधळ का होतो याविषयी तुमचा अंदाज काय आहे, तो तपासायला तुम्हाला काय शिकावे लागेल, आणि त्या विद्यापीठातला कोणता विषय किंवा कोणत्या प्राध्यापकांचे काम त्याच्या जवळ जाते. हा शेवटचा भाग प्रत्येक विद्यापीठासाठी नव्याने लिहावा लागतो. विद्यापीठाचे नाव तेवढे बदलून पाठवलेले पत्र वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

एक काळजी घ्या. मसुद्यात तुम्ही रुग्णाचे वय, दाखल झाल्याची तारीख आणि खाटेचा क्रमांक लिहिला आहे; ते तिन्ही काढून टाका. अमेरिकेतील 1996 च्या हिपा या आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेशी संबंधित कायद्याखालच्या नियमांत, नोंदीतून ओळख पुसायची असेल तर कोणत्या 18 प्रकारच्या खुणा काढाव्या लागतात याची यादीच आहे, आणि दाखल होण्याची तारीख त्या यादीत येते. तुमच्या देशात कोणताही कायदा लागू असो, गोपनीयता ज्या विषयाचा गाभा आहे त्या विषयाच्या अर्जातच रुग्णाची ओळख उघडी पडली, तर समितीच्या मनात किंतु उभा राहतो.

आता प्रोग्रॅमिंग. ते आल्याशिवाय प्रवेश मिळत नाही असे बहुतेक उपयोजित अभ्यासक्रमांत नसते, परंतु ‘मी शिकू शकते’ या विधानाला पुरावा लागतो. अर्जापूर्वीच्या तीन-चार महिन्यांत एसक्यूएल, म्हणजे सारण्यांत साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारण्याची संगणकभाषा, शिका. रुग्णांची एक सारणी आणि तपासण्यांची दुसरी सारणी यांची जुळवणी करून ‘ज्यांचे पोटॅशियम सहाच्या वर गेले त्यांची पुढची तपासणी किती वेळाने झाली’ या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढता आले, की पत्रात लिहिण्याजोगे काही तुमच्या हाती आले असे समजा. त्यासाठीचा डेटा तुमच्याच क्षेत्रातला मिळेल. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरच्या अतिदक्षता विभागांतील नोंदी ओळख पुसून ‘मिमिक’ या नावाने संशोधनासाठी उपलब्ध केलेल्या आहेत. संपूर्ण संग्रहासाठी संशोधन-नीतीचे प्रशिक्षण पूर्ण करून करारावर सही करावी लागते. पण 100 रुग्णांचा नमुना-संग्रह कोणालाही उतरवून घेता येतो, आणि सरावाला तो पुरेसा आहे. वेळांचे ते रकाने पाहताना तुम्हाला तुमचा वॉर्ड दिसेल. जन्मापासून संगणकावर बसलेल्या मुलांना ते रकाने नुसतेच आकडे वाटतात.

प्रश्न : मी संगणक अभियंता असून सहा वर्षे सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने रोगनिदान हा माझा आवडीचा विषय आहे. आरोग्यक्षेत्राचा अनुभव नाही. अर्जात ही उणीव कशी भरून काढावी?

उत्तर : उणीव आहे हे तुम्ही स्वतःच मान्य केले आहे, ही चांगली सुरुवात आहे. तुमच्या पत्रात प्रारूपांची, म्हणजे मॉडेल्सची, नावे भरपूर आहेत. डेटा कुठून आला याविषयी एकही वाक्य नाही. आरोग्याच्या डेटाची खरी अडचण तिथेच असते. 2019 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी एका प्रणालीची तपासणी प्रसिद्ध केली. कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ती प्रणाली ठरवीत असे, आणि त्यासाठी आजाराऐवजी उपचारांवर होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत असे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी कमी खर्च होत होता. परिणामी सारखे गुणांकन मिळालेल्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण अधिक आजारी होते. गणित अचूक होते आणि भाकीत कशाचे करायचे, ही निवड चुकली होती. तुम्ही हा निबंध वाचावा आणि तुमच्या आवडीच्या प्रश्नात अशी निवड कुठे दडली आहे, याचा शोध उद्देशपत्रात घ्यावा.

लहान गोष्टींनीही डोळे उघडतात. रक्तातील साखर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये मोजतात, तर काही ठिकाणी मिलिमोल प्रति लीटरमध्ये, आणि दोन्हींत 18 पटींचा फरक असतो. दोन रुग्णालयांचा डेटा एकत्र करताना एकक पाहिले नाही, तर निरोगी माणसाचा 5.5 हा आकडा मरणासन्न रुग्णाचा वाटेल. असे आकडे बाद करून पुढे जाणारा अभियंता आणि ‘हा आकडा कोणत्या यंत्रातून, कोणत्या एककात आला’ असे विचारणारा अभियंता यांच्यात समिती दुसऱ्याला निवडते.

प्रत्यक्ष तयारी म्हणून दोन कामे सुचवते. पहिले, एखाद्या दवाखान्यात किंवा आरोग्यविषयक स्वयंसेवी संस्थेत नोंदींच्या कामाला मदत करा, आणि परवानगी मिळाल्यास नोंदणीच्या खिडकीशेजारी काही दिवस बसा. जन्मतारीख माहीत नसली की 1 जानेवारी कशी टाकली जाते, हे तिथे दिसते. दुसरे, एचएल सेव्हन या 1987 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने विकसित केलेले एफएचआयआर हे आरोग्य-डेटाच्या देवाणघेवाणीचे मानक वाचा. त्याचा उच्चार ‘फायर’ असा करतात आणि ते विनामूल्य वाचायला मिळते. त्यातल्या ‘ऑब्झर्वेशन’ या घटकात निरीक्षण ज्या वेळचे आहे ती वेळ आणि निकाल उपलब्ध झाल्याची वेळ यांसाठी वेगवेगळे रकाने आहेत. असे दोन रकाने का लागतात, हे वरच्या परिचारिकाताईंच्या पत्रातून तुमच्या ध्यानात येईल. कृत्रिम बुद्धिमत्ता सोडा असे मी म्हणत नाही. ती या पायावर उभी करा, एवढाच आग्रह आहे.

प्रश्न : मी रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंद विभागात बारा वर्षे कोडिंगचे, म्हणजे निदानांना ठरलेले संकेतांक देण्याचे, काम करतो. पदवी वाणिज्य शाखेची आहे, गुण 52 टक्के. महाविद्यालयातील प्राध्यापकांना आता मी आठवणारही नाही. शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत? माझा अर्ज विचारात तरी घेतला जाईल का?

उत्तर : किमान गुणांची अट प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, ती आधी पाहा आणि संदिग्ध वाटल्यास प्रवेश कार्यालयाला सरळ पत्र लिहून विचारा. अट ओलांडत असाल, तर बारा वर्षांपूर्वीच्या गुणांपेक्षा आजच्या तयारीला वजन मिळू शकते, आणि ती दाखवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे संख्याशास्त्राचा एखादा परीक्षा असलेला अभ्यासक्रम आता चांगल्या गुणांनी पूर्ण करणे. कमी गुणांचे स्पष्टीकरण दोन वाक्यांत द्यावे. त्याची कैफियत करू नये.

शिफारसपत्र तुमच्या कामाचे वर्णन करू शकेल अशा व्यक्तीचेच घ्या. अधिष्ठात्यांनी सहीनिशी दिलेल्या चार गोड ओळींपेक्षा, तुम्ही शंका विचारायला ज्यांच्याकडे रोज जाता त्या डॉक्टरांचे किंवा विभागप्रमुखांचे पानभर पत्र कितीतरी उपयोगी पडते. त्यांना मुदतीच्या सहा आठवडे आधी सांगा, आणि सोबत तुमचे उद्देशपत्र व तुम्ही केलेल्या दोन-तीन ठळक कामांचे टिपण द्या. एखादे पत्र शैक्षणिक व्यक्तीचेच हवे अशी अट असेल, तर वर सुचवलेला अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारता येते.

स्वतःच्या कामाविषयी तुम्ही फार कमी लिहिले आहे, याची मला रुखरुख लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या आजारांच्या वर्गीकरणात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाला ई10, दुसऱ्या प्रकाराला ई11 आणि प्रकार न सांगितलेल्या मधुमेहाला ई14 हा संकेतांक आहे. केसपेपरवर नुसतेच ‘मधुमेह’ लिहिलेले असेल तर कोडरच्या हाती ई14 शिवाय काही उरत नाही, आणि पुढे तोच संकेतांक मोजून कोणीतरी आजाराविषयी निष्कर्ष काढतो. ई14 ची वाढती संख्या कित्येकदा नोंदी अपुऱ्या असल्याचे सांगत असते, हे तुम्ही बारा वर्षे पाहिले आहे. आयसीडी-11 जानेवारी 2022 पासून अमलात आले असून देशोदेशी जुन्या संकेतांकांकडून नव्यांकडे जाण्याचे काम सुरू आहे. त्या कामाला तुमच्यासारखी माणसे लागणार आहेत. उद्देशपत्रात हे लिहा.

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे. अनेक अभ्यासक्रमांची नावे सारखीच दिसतात. त्यांतून निवड कशी करावी? नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकणे कमी प्रतीचे ठरते का?

उत्तर : नाव बाजूला ठेवा आणि विषयांची यादी व शेवटचे सत्र पाहा. शेवटी प्रबंध असेल तर अभ्यासक्रमाचा कल संशोधनाकडे आणि पुढे पीएच. डी.कडे आहे, रुग्णालयात किंवा आरोग्ययंत्रणेत करायचा कॅपस्टोन, म्हणजे समारोपाचा प्रत्यक्ष कामाचा, प्रकल्प असेल तर तो उपयोजित आहे. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय माहितीशास्त्र संघटनेने 2010 मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक शिफारशींत माहितीशास्त्राचा गाभा, वैद्यक व आरोग्ययंत्रणा, आणि संगणकशास्त्र व संख्याशास्त्र अशी ज्ञानक्षेत्रे मांडली आहेत. विषयांची यादी त्यांच्याशी ताडून पाहिली, की कुठे नुसते व्यवस्थापन आहे आणि कुठे नुसते प्रोग्रॅमिंग, ते कळते. अमेरिकेत अर्ज करीत असाल तर सीएएचआयआयएम या संस्थेची मान्यता आहे का, तेही तपासा.

ऑनलाइन शिक्षण कमी प्रतीचे नसते, विशेषतः तुमच्यासारख्या नोकरदारांसाठी, कारण शिकलेले दुसऱ्या दिवशी कामावर पडताळता येते. विद्यापीठाला एक गोष्ट मात्र लेखी विचारा: कॅपस्टोनसाठी रुग्णालय विद्यापीठ मिळवून देते, की ते विद्यार्थ्यानेच शोधायचे असते? रुग्णालये बाहेरच्या व्यक्तीला आपला डेटा सहजासहजी दाखवत नाहीत, आणि या एका कारणाने विद्यार्थ्याचे संपूर्ण सत्र वाया गेलेले मी पाहिले आहे. अलीकडच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न विचारा.

भाषेच्या परीक्षांचे वेळापत्रक आत्ताच आखा. टोफेल आणि आयइएलटीएस यांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात, जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे पाच वर्षे. अनेक ठिकाणी जीआरई आता मागत नाहीत, तेव्हा गरज आहे का ते पाहूनच शुल्क भरा. आणि मूळ विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रके मिळवण्याच्या कामाला आजच हात घाला, कारण बाकी सारे तुमच्या हातात असते, हे एक नसते.