'अनाथ' म्हणावं का?

विचारणा अशी: एल साल्वादोरमधल्या यादवीत (१९८० ते १९९२) घरच्यांपासून तुटलेल्या मुलांवर मराठीत लिहिताना त्यांना 'अनाथ' म्हटलं तर चालेल का?

नको. अनाथ म्हटलं की आईबाप वारलेत असंच आपण धरून चालतो. इथे कित्येकांचे आईबाप हयात होते, मुलांना शोधत होते. त्यांच्याच रेट्यामुळे १९९४ साली योन कोर्तिना या जेझुइट पाद्र्याने 'प्रो-बुस्केदा' ही शोधसंस्था काढली. सुरुवातीला सापडलेली काही मुलं अनाथालयातच वाढत होती. म्हणजे कागदोपत्री त्यांना अनाथ ठरवून झालंच होतं. त्यावर आपण आणखी शिक्का कशाला मारायचा?

मग दुसरा शब्द कोणता? 'चुकामूक' जत्रेतली. 'दुरावलेली' म्हटलं की मन दुरावल्याचा वास येतो. 'हरवलेली' सोपा शब्द, पण हरवण्यात दोष कुणाचाच नसतो. इथे तसं नव्हतं. १९८२च्या मे-जूनमध्ये चालातेनांगो भागात लष्कराची मोहीम आली, गावंच्या गावं डोंगरात पळाली, आणि हाती लागलेली काही मुलं सैनिकांनी हेलिकॉप्टरमधून नेली. पुढे त्यांतली काही परदेशात दत्तक गेली. (त्या पळापळीला तिथले लोक 'गिंदा' म्हणतात. आपलं 'परागंदा' जवळ जातं, फारसीत त्याचा अर्थच विखुरलेला. पण आज परागंदा म्हटलं की कर्ज बुडवून पळालेला डोळ्यांपुढे येतो.)

लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशने इथे मोठी गंमत केली आहे. 'देसापारेसेर' म्हणजे नाहीसं होणं. लोकांनी ते सरळ सकर्मक करून टाकलं. 'लो देसापारेसिएरोन', त्याला नाहीसं केलं. मराठीला व्याकरण वाकवावं लागत नाही, होणे-करणे ही जोडी हाताशीच आहे. तेव्हा सैन्याने नेलेल्या मुलांसाठी 'बेपत्ता झालेली' न लिहिता 'बेपत्ता केलेली' लिहा. बातम्यांना सरावलेल्या कानाला खटकेल, खटकू दे.

पण सगळीच मुलं नेलेली नव्हती. काही पळताना सुटली, काही आईबापांनीच जीव वाचावा म्हणून दुसऱ्याच्या हवाली केली. सर्वांना मिळून 'ताटातूट झालेली मुलं' म्हणा. ताटातूट आईबापांचीही होते, ते त्यात आपोआप आलं.

पुढे लेखात 'रेएनकुएन्त्रो', म्हणजे ताटातुटीनंतरची पुन्हा भेट, येईलच. 'पुनर्मिलन' लिहू नका. समजा, मुलगी इटलीत वाढलेली, आईला स्पॅनिशखेरीज काही येत नाही, मध्ये दुभाषा बसलेला. साधं 'भेट' पुरे, आणि संस्थेने ती घडवून आणली असेल तर 'गाठ घालून दिली'.