अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या चिल्ड्रन्स पूल बीचवर सील या समुद्री प्राण्यांवरून एवढा वाद का झाला?
शहराच्या ला होया भागातला हा बीच मुळात लहान पोरांसाठीच केलेला, १९३१ साली एलन ब्राउनिंग स्क्रिप्स बाईंनी स्वतःच्या पैशाने समुद्रात भिंत बांधून दिली म्हणजे पोरांना लाटांची भीती न राहता डुंबता यावं. पण भिंतीच्या आत वाळू साचत गेली आणि १९९०च्या दशकात हार्बर सील तिथे येऊन पडायला लागले, पिल्लंही तिथेच व्हायला लागली. मग काय, पोहणारे आणि डायव्हर म्हणतात बीच आमच्या हक्काचा आणि प्राणीप्रेमी म्हणतात सीलना त्रास देऊ नका. २००५ मध्ये कोर्टाने तर वाळू उपसायचाच आदेश दिला होता!! २००९ला कॅलिफोर्निया राज्याने कायदा बदलून ती जागा सीलसाठीही वापरायची मुभा दिली, २०१४ पासून १५ डिसेंबर ते १५ मे बीच बंद ठेवतात, त्याविरुद्धही केस झाली पण २०१८ला अपील कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

माझ्या मते बंद ठेवतात ते बरोबरच आहे. माणूस फार जवळ गेला की सील घाबरून धडाधड पाण्यात पळतात आणि त्या गडबडीत नुकतं जन्मलेलं पिल्लू आईपासून तुटू शकतं. पोहायला बाकीचे सात महिने आहेत की!