गांगनुंगला जातेस तर

चि. पोरी,

दक्षिण कोरियातल्या गांगनुंगला निघालीस, छान केलंस. सोलहून केटीएक्सने, म्हणजे तिथल्या वेगवान रेल्वेने, दोनेक तासांत पोचशील. जाताना पाच हजार वॉनची एक नोट जवळ ठेव, मोडू नकोस.

ओजुखॉन या जुन्या घराच्या आवारात शिरलीस की ती काढ. नोटेवरचा गृहस्थ म्हणजे युलगोक, कोरियाचा मोठा कन्फ्यूशियन विद्वान. १५३६ मध्ये तो याच घरात जन्मला. त्याच्या चेहऱ्याशेजारी हेच घर छापलंय आणि काळे बांबूही. 'ओजुक' म्हणजे काळा बांबू. कांडी जवळून बघ, शाईत बुडवून काढल्यासारखी. मग नोट उलटी कर: कलिंगडाचा वेल, कोंबड्याची फुलं. हे चित्र त्याच्या आईचं, शिन साइमदांगचं मानतात. पन्नास हजारांच्या नोटेवर ती स्वतःच आहे. २००९ साली ती नोट आली तेव्हा काही स्त्रियांनीच हरकत घेतली, चित्रकार राहिली बाजूला आणि पुन्हा 'आदर्श माता'च पुढे केली म्हणून. मला ते पटतं.

आवारातच मुनसॉंगसा, युलगोकचं स्मृतिमंदिर. आत त्याचं चित्र आहे. आपला हात सवयीने घंटा शोधतो, ती नाही. कमरेत वाकून शांत उभी राहा. आणि अशा स्थळी तीन दारं दिसली तर मधल्याने जाऊ नकोस, ते दिवंगताचं. उजवीकडून आत, डावीकडून बाहेर. एकदा मी ऐटीत मधून निघाले होते, रखवालदाराने नुसता हात केला आणि मी मेल्याहून मेली झाले.

बहुतेक लोक इथे फोटो काढून परततात. तू ग्यॉंगपो तळ्यावर जा. मुळात ही समुद्राचीच खाडी, वाळूच्या बांधाने तुटून तळं झालेली. फेरी चार किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा चप्पल नको, बूट घाल. इथे पाच चंद्र दिसतात म्हणे: आकाशात, समुद्रात, तळ्यात, पेल्यात आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत. पाचव्याची सोय तुझी तू बघ!

तळ्यालगत पाइनच्या झाडीत हॉ नानसॉलहॉनचं घर आहे. तिथे घाई करू नकोस. ही कवयित्री, १५६३ चा जन्म. दोन्ही लेकरं डोळ्यांदेखत गेली, आणि १५८९ मध्ये तीही. कविता जाळा, असं सांगून गेली होती. धाकट्या भावाने, हॉ ग्युनने, उरल्या तेवढ्या जमवल्या. त्या चीनमध्येही छापल्या गेल्या. नोटेवर ती नाही.

भूक लागली की तिथेच, छोदांग वस्तीत, तिथला टोफू खा. समुद्राच्या पाण्याने विरजतात, वाफाळता आणि मऊसूत. 'छोदांग' हे नानसॉलहॉनच्या वडिलांचं टोपणनाव. पाच हजारांत भागायचं नाही, सुटे वेगळे ने.

तुझी,
मावशी