जुना राउटर ब्रिज करताना

ब्रिज करणं म्हणजे जुना राउटर मुख्य राउटरच्या वायफायला जोडून, तेच नेटवर्क केबलने कॉम्प्युटरपर्यंत नेणं. आधी जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट ब्रिज' हा पर्याय आहे का ते बघा. नुसता 'क्लायंट' निवडलात तर राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. इंटरनेट चालतं, पण हॉलमधला प्रिंटर दिसत नाही.

सगळी जुळवाजुळव लॅन केबल लावूनच करा. मुख्य राउटरचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या, गेटवे (इंटरनेटकडे जायच्या वाटेचा पत्ता) मात्र मुख्य राउटरचाच. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तंतोतंत तोच हवा. मग जुन्यावरचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप आयपी वाटणारी सोय, बंद. हे राहिलं तर एका घरात दोन कारभारी! मी एकदा विसरलो आणि अख्खी संध्याकाळ केबली बदलत बसलो.

डीएचसीपी बंद केल्यावर, वायफाय जोडलं जाईपर्यंत कॉम्प्युटरला आयपी मिळत नाही. तेव्हा तात्पुरता १९२.१६८.१.१० हाताने टाका, म्हणजे सेटिंगचं पान नव्या पत्त्यावर उघडेल. राउटर बिघडला समजून लगेच रीसेट मारू नका.

कॉम्प्युटर लॅन पोर्टांतच लावा, वॅन (इंटरनेटची केबल लावायचा पोर्ट) रिकामा सोडा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ घ्या. वेग कमी, पण जोडणी टिकते. आणि राउटर लोखंडी कपाटामागे नको.