साउअरक्राउट आपल्या रोजच्या जेवणात कशासोबत खावं?

तुम्ही लिहिलंय की थंडीत दीड किलो पत्ताकोबीचं साउअरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेली चिरलेली पत्ताकोबी, घातलं, तीन आठवड्यांत ते छान आंबटलं, पण ब्रेडसोबत दोनदा खाऊन घरचे कंटाळले. आता वरण-भात, भाकरीच्या जेवणात ते कुठे बसवायचं, असा प्रश्न आहे. मी नागपूरलाच राहते आणि गेली सहा वर्षं दर डिसेंबरात एक बरणी घालते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. त्याला भाजी समजू नका. वाटीभर घेऊन पोळीशी खायला गेलं की चौथ्या घासाला दात आंबतात आणि मग बरणी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जाते. त्याची जागा ताटात डावीकडे, मीठ-लिंबाशेजारी. दोन चमचे पुरे. ज्या पदार्थावर आपला हात आपोआप लिंबू पिळायला जातो किंवा ज्याच्यासोबत कांदा फोडावासा वाटतो, त्या प्रत्येक पदार्थासोबत ते चालतं.

माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी चून-भाकरीशी (चून म्हणजे बेसनाचं पिठलं). पहिल्या वर्षी मी घरी वाट्या भरून वाढलं होतं. सासूबाईंनी वास घेतला, चिमटीत चार धागे उचलले आणि वाटीवर घट्ट पिळले. मग ज्वारीच्या गरम भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर घट्ट चून, चुनावर ते पिळलेले धागे आणि वरून थोडं कच्चं तेल. घास संपल्यावर म्हणाल्या, "हे त लोणचंच होय! मंग भाजीसारखी वाटी भरून कायले वाढतं?" त्या एका घासात मला सगळं समजलं. बेसन घशाशी दाटतं, भाकर कोरडी असते, आणि मधे हे ओलं, करकरीत, आंबट. जवसाची चटणी असेल तर तीही सोबत घ्या. तिचा खमंगपणा आणि हा आंबटपणा एकमेकांना फार छान धरून राहतात.

दुसरा नंबर वडा-भाताचा. गरम भातावर कुस्करलेले डाळीचे वडे, त्यावर हिंग-मोहरीची तेलाची फोडणी, आणि कडेला साउअरक्राउट. त्या दिवशी कढी करू नका, दोन आंबट गोष्टी एका ताटात भांडतात. ज्या देशांत हा पदार्थ रोजचा आहे तिथेही हिशोब असाच आहे. जर्मनीत तो सॉसेज आणि उकडलेल्या बटाट्यासोबत खातात, फ्रान्सच्या अल्सास भागात डुकराच्या खारवलेल्या मांसासोबत, पोलंडमध्ये बिगोस नावाच्या मांसाच्या रश्श्यात. सगळीकडे काहीतरी तेलकट किंवा चरबीचं, काहीतरी पिठूळ, आणि त्यांना कापायला हा आंबटपणा. आपल्याकडे चरबीच्या जागी फोडणीचं तेल आणि तूप आहे, एवढाच फरक.

वरण-भात-तुपावर लिंबाऐवजी बरणीतलं पाणीच एक चमचा घाला. ते पाणी फेकू नका, चव त्यातच उतरलेली असते. फक्त वरण ताटात वाढून झाल्यावर घाला, गॅसवरच्या पातेल्यात नाही. उकळलं की त्यातले आंबवणारे जिवाणू मरतात आणि क जीवनसत्त्वही कमी होतं. मुगाच्या खिचडीचंही तसंच. पापड, तूप आणि दोन चमचे साउअरक्राउट असलं की लोणच्याची आठवण येत नाही.

याचा अर्थ शिजवूच नये असा नाही. युरोपात ते सर्रास शिजवतात आणि शिजवलं की आंबटपणा मवाळ होतो, घरच्या मुलांना तेच जास्त आवडतं. पण क्रम सांभाळा. मी एकदा आलूच्या रश्श्यात ते फोडणीतच कच्च्या आलूंसोबत टाकलं. चाळीस मिनिटं उकळूनही आलू आतून टणकच. आंबट पाण्यात आलूतलं पेक्टिन, म्हणजे फोडीला घट्ट धरून ठेवणारा घटक, लवकर सुटत नाही, म्हणून फोडी मऊ होत नाहीत. तुरीच्या वरणात चिंच आधी पडली तर डाळ शिजत नाही, त्यातलाच प्रकार. तेव्हा आलू पूर्ण शिजवून घ्या, मग घट्ट पिळलेलं साउअरक्राउट टाका, पाच-सात मिनिटं झाकण ठेवा आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. मीठ अगदी शेवटी, चव बघूनच.

पराठ्यातही सुरेख लागतं. पोलंडमध्ये पिएरोगी म्हणून करंजीच्या आकाराचा उकडलेला पदार्थ असतो, त्यात साउअरक्राउट आणि मशरूमचं सारण भरतात. त्यावरून मी आलूच्या सारणात कालवून पाहिलं. उकडलेले आलू चार आणि पिळून बारीक चिरलेलं साउअरक्राउट एक, असं माप ठेवा. पिळण्यात आळस केला तर सारण पाणी सोडतं आणि पराठा तव्यावर फुटतो.

दही, ताक, कढी, चिंचेचं सार यांच्यासोबत मात्र टाळा. सावजी मटणासोबत लोक सुचवतील. मला ते पटलं नाही. त्या मसाल्यापुढे पत्ताकोबीची नाजूक चव दबून जाते, तिथे कच्चा कांदा आणि लिंबूच हवं. तर्री-पोह्यांवर मात्र थोडं घालून बघा, तर्री बेताची असेल तर छान जमतं.

आणि संत्री! जर्मनीत साउअरक्राउटमध्ये सफरचंद घालतात, गोडाने आंबटपणा गोलसर होतो. आपली बरणी तयार होते तेव्हा बाजारात संत्री असतातच. फोडींवरची साल आणि बिया काढून, त्यात पिळलेलं साउअरक्राउट, भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट आणि चिमूटभर जिरेपूड. दहा मिनिटांत कोशिंबीर तयार. मीठ अजिबात घालायचं नाही.

मिठाचं खरंच लक्षात ठेवा. किलोभर पत्ताकोबीला 20 ग्रॅम, म्हणजे दोन टक्के मीठ घातलं असेल, तर 50 ग्रॅम साउअरक्राउटमध्ये साधारण एक ग्रॅम मीठ पोटात जातं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर त्या जेवणातून लोणचं आणि पापड काढा, आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल तर त्यांना विचारूनच द्या.

घरचे कंटाळलेत म्हणालात, त्यावर एक गोष्ट सांगते. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक 1768 मध्ये एंडेव्हर जहाजावरून निघाला तेव्हा खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, होऊ नये म्हणून साउअरक्राउट सोबत घेतलं होतं. खलाशी तोंड लावेनात. त्याने सक्ती केली नाही, रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते वाढायला लावलं आणि बाकीच्यांना हवं तर घ्या म्हणून सोडून दिलं. थोड्याच दिवसांत मागणी इतकी वाढली की वाटा ठरवून द्यावा लागला. तुम्हीही महिनाभर फक्त स्वतःच्या ताटात घ्या. आमच्याकडे मुलगा असाच आला. आधी माझ्या ताटातून एक चिमूट, मग स्वतःची वाटी.

बरणी आता फ्रिजमध्येच ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि पत्ताकोबी पाण्याखाली दाबलेली राहू द्या. पुढची बरणी पुन्हा थंडीतच घाला. या आंबवण्याला 18 ते 22 अंश मानवतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. एका उन्हाळ्यात मी घातलं होतं तर चार दिवसांत आंबटलं खरं, पण पत्ताकोबी लिबलिबीत झाली होती. तळाला उरलेलं पाणी थालीपिठाचं पीठ मळायला वापरा, आणि त्या पिठात वेगळं मीठ घालू नका.